दाजींनी कानानं निवडलेली बदकं

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आमच्या अंगणात वीतभर कोरडी जागा उरलेली नाही, ती का उरलेली नाही हे पुढे येईलच, तेव्हा हा उभ्यानंच केलेला समजावा.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला थांबला का? भाचीच्या लग्नाची तयारी जोरात असेल. इकडे सगळं ठीक आहे असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण मी लिहिणार नाही, कारण ते धादांत खोटं ठरेल आणि त्याचं कारण तुम्ही आहात. तुम्ही आमच्या घरचे जावई, वयानं मोठे, मानानं मोठे. तुमच्यासमोर मी आजवर आवाज चढवलेला नाही, आणि चढवला असता तरी तुमच्या आवाजापुढे तो कुणाला ऐकू गेला नसता. म्हणून पत्र लिहितोय.

मला बदकं नको होती, हे आधी नोंदवून ठेवतो. छापखाना बंद झाल्यापासून मी घरी केक करून विकतो, गिऱ्हाईक बरं आहे, चाललं होतं आपलं. तुम्ही आलात, केकचे दोन तुकडे खाल्लेत, तिसरा घेता घेता म्हणालात की केक कोरडा आहे. (कोरडा होता तर तिसरा कशाला घेतला, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो.) मग तुमचं सुरू झालं. बदकाचं अंडं घाल, कापसासारखा फुलतो. अंगण रिकामं पडलंय, पाच-सहा बदकं सोड. अंडी देतील तोवर अंडी खा, द्यायची थांबली की बदक खा, दोन्हीकडून फायदा. ताई मान हलवत होती, कारण तुम्ही बोलायला लागलात की ती मान हलवते आणि मनात भाजीचा हिशोब करते. आमच्या हिनं तेवढी एकच अट घातली. ती प्रसूती वॉर्डातली नर्स, रात्रपाळी करून येते आणि दिवसा झोपते, हे तुम्हांला माहीत आहे. ती म्हणाली, काय आणायचं ते आणा, पण गोंगाट नको. त्यावर तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, “ते माझ्यावर सोडा. माझा कान फसत नाही.”

त्या कानाबद्दल आता मला जे म्हणायचंय ते लिहिण्यासारखं नाही. जन्मभर लाऊडस्पीकर भाड्यानं दिलेत, भोंगे दुरुस्त केलेत, कान तयार झाला असेल, मान्य. पण तो बदकांना कशाला लावलात? बाजारात त्या बदकवाल्याच्या टोपल्यांपुढे तुम्ही मांडी घालून बसलात आणि एकेक बदक उचलून, नारळ हलवून बघतात तसं कानाशी धरून बघायला लागलात. ओरडलं की बाजूला. नुसतं घसा बसल्यासारखं खसखसलं की पिशवीत. बदकवाल्यानं एकदा तोंड उघडलं होतं, तर तुम्ही पंजा दाखवून म्हणालात, मध्ये बोलू नका, ऐकू द्या. त्यानंतर तो जो हसत गप्प बसला तो शेवटपर्यंत. त्याला हसू का येत होतं हे मला तिथेच कळायला हवं होतं. अशी चार गप्प बदकं घेतलीत, काय सभ्य मंडळी आहेत म्हणून माझ्या पाठीत थाप मारलीत. पाचवी एक जरा लंगडणारी होती, ती त्यानं वर फुकट दिली. ती घर येईपर्यंत रिक्षात ओरडत होती. तिचं नाव तुम्हीच ठेवलंत, भोंगा.

बदकं पाळणं म्हणजे काय हे तुम्ही सांगितलं नव्हतंत, कारण ते तुम्हांला माहीतच नव्हतं. हे प्राणी कोरडा घास गिळत नाहीत. एक घास कोंड्याचा, की पळत जाऊन पाण्यात डोकं घालायचं, की अर्धा घास पाण्यात सांडायचा, की पुन्हा कोंड्याकडे. माझी केकची भांडी भिजवायची मोठी परात त्यांनी पहिल्याच आठवड्यात आपली म्हणून घेतली. पाणी बदललं की दहा मिनिटांत त्याची कढी. अंगणाचा चिखल झाला, पुदिना गेला, अळू गेलं, पायपुसणं गेलं. केक न्यायला आलेल्या एक बाई दारातून वळताना घसरल्या. त्यांनी हात वर धरून केक वाचवला, स्वतः मात्र मधोमध बसल्या आणि ती चार सभ्य मंडळी त्यांच्याभोवती गोल करून बघत राहिली. बाई पुन्हा फिरकल्या नाहीत.

तरी मी सहन केलं, कारण रोज सकाळी पेंढ्यात एक अंडं मिळायचं. मोठं, किंचित हिरवट, आणि काय सांगू दाजी, केक खरंच फुलायचा. (तुमचं एवढं एक बरोबर आलं. एवढंच.) भाचीनं खाल्ला आणि लग्नात हाच केक हवा म्हणून हट्ट धरला, आणि तुम्ही लगेच व्याह्यांना सांगून टाकलंत की असा केक त्यांनी जन्मात खाल्ला नसेल. आम्हांला वाटायचं, चौघं आळीपाळीनं अंडी देतायत. म्हणून भिजवलेले गहू आधी त्यांना, आणि उरलंसुरलं भोंग्याला. ही बिचारी डोक्यावर उशी दाबून पडायची, आणि भोंगा सकाळी जी सुरू व्हायची ती अर्धी गल्ली जागी करूनच थांबायची.

पुढच्या खेपेला तुम्ही अंगणात चहा पीत निकाल दिलात. ही लंगडी नुसती ओरडते, अंडी-बिंडी काही देत नाही, हिचा रस्सा करा. ही ऐकून म्हणाली, रस्सा नको, कुणाला तरी देऊन टाका. तेव्हा तुम्ही भिंतीकडे बोट दाखवून म्हणालात की त्या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधा, त्याला काय फरक पडतोय! शेजारचे घड्याळ दुरुस्तीवाले काका तेव्हा भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसले होते. तुमची अशी समजूत आहे की तुम्ही ते हळू बोललात.

भोंगा भिंतीपलीकडे काकांकडे गेली आणि अंडी बंद झाली. मी फोन केला तर तुम्ही म्हणालात, खाणं बदल. बदललं. मग म्हणालात, शिंपल्यांची पूड घाल. बत्त्यानं शिंपले कुटून माझा खांदा गेला. मग म्हणालात, त्यांच्या मनाला लागलंय, जरा धीर धर. चौघं खाऊन खाऊन उशांएवढे झाले आणि एकानंही अंड्याचं नाव काढलं नाही. आणि दाजी, याच दिवसांत काका रोज वाटीत घालून एक अंडं पाठवत होते, सूनबाई रात्रपाळी करते, तिला द्या म्हणून! आम्ही ते खात होतो आणि माणूस किती चांगला म्हणून वाखाणत होतो. एवढी छान अंडी कुठून आणता, असंही मी त्यांना विचारून आलो. ते नुसते हसले. हल्ली माझ्याकडे बघून सगळेच हसतात.

एके सकाळी परात उपडी करायला भिंतीशी गेलो तर पलीकडे भोंगा टोपलीतून ओरडत उठली आणि खाली अंडं. आत येऊन हिला सांगितलं. ती पाळीवरून नुकतीच आली होती. चपला काढता काढता म्हणाली, “आमच्या वॉर्डात कोण ओरडतं आणि बाहेर बाकड्यावर गप्प कोण बसतं, हे तुम्हां दोघा मेहुण्यांना माहीत नाही का?” आणि जाऊन झोपली. मी तडक बाजारात गेलो. बदकवाल्यानं आधी पोट धरून हसून घेतलं, मग सांगितलं की ओरडते ती मादी, घसा बसलेला तो नर, आणि शेपटीवर वर वळलेलं पीस असतं तेही नराचंच. म्हणजे तुम्ही भर बाजारात बसून, कान लावून, वेचून वेचून चार बाप्ये आणलेत! आणि जी एक बाई चुकून घरात आली तिला हाकलून दिलंत.

संतापाच्या भरात त्यातला एक मी खाटकाकडे नेला. तो म्हणाला, कापून देतो, पिसं तुमची तुम्ही काढा. कोंबडी सोलणं आणि बदक सोलणं यात जो फरक आहे तो मी तुम्हांला प्रत्यक्षच दाखवीन. वरची पिसं निघतात, खालची लव काही संपत नाही, आणि मी मूर्खासारखा स्वयंपाकघरात पंखा लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या केकवर गिऱ्हाइकानं क्रीममधून पीस ओढून काढलं. केक परत आला. मांस मात्र चविष्ट होतं, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. उरलेले तिघे मी बाहेर आलो की खायला मागत मागे मागे येतात, आणि त्यांना बघितलं की मला तुमची आठवण होते.

शेवटी उरलेल्यांतले दोन नर काखेत मारून काकांकडे अदलाबदलीला गेलो. त्यांनी कानाचं मशीन लावलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमच्या पाहुण्यांचं बोलणं मी त्या दिवशी मशीनशिवाय ऐकलंय. मशीनशिवाय त्यांना या गल्लीत दोनच आवाज ऐकू येतात, भोंग्याचा आणि तुमचा, आणि त्यांतला एक त्यांना आवडतो. बायको गेल्यापासून घरात काही ऐकूच येत नव्हतं, आता सकाळ झालेली कळते, असं म्हणाले. दोघांना घेऊन परत आलो. भोंगा काही ते देणार नाहीत. आणि वाटीही त्या दिवसापासून बंद झाली.

पत्र फार लांबलं. ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद. राग मानू नये असं शेवटी लिहितात, पण मानायला माझी हरकत नाही.

आपला मेहुणा

ता. क. लग्नाच्या केकला बदकाचीच अंडी लागतील. बाजारातली आणून पाहिली, पहिलंच फोडल्यावर सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. काका रोजचं अंडं आपल्याला साठवू द्यायला तयार आहेत, आजपासून जमवली तर कशीबशी पुरतील. अट एकच. ज्यांनी त्यांना बहिरा म्हातारा आणि तिला रश्श्याच्या लायकीची म्हटलं, त्यांनी स्वतः येऊन दोघांचीही माफी मागायची. तुम्ही एकदा उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत ड्रायव्हरच चुकलाय म्हणत होतात, हे मी विसरलेलो नाही. पण व्याह्यांसमोर केक बसका निघाला तर नाक कुणाचं कापलं जाईल, याचा विचार व्हावा.

ता. क. २. हे पत्र ताईला दाखवू नये. तिला मी वेगळं लिहिलंय. तुमची बॅग तिनं भरली असेल.

ता. क. ३. आत्ताच काकांचा निरोप आला. एरवी तुमचा आवाज भिंत फोडून येतो, पण माफी मागताना तो खाली जाईल अशी त्यांना शंका आहे, आणि त्या दिवशी ते मशीन लावणार नाहीत. तेव्हा येताना स्वतःचा एखादा चांगला लाऊडस्पीकर घेऊन यावा. ही म्हणते, त्या दिवशी तिची झोपमोड झाली तरी चालेल.