‘क’ की ‘त’: गळालेल्या एका अक्षराबाबत

प्रति,
मा. वसुली अधिकारी,
शैक्षणिक कर्ज विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४ च्या मागील खोली

विषय: आपल्या पत्रातील गळालेले अक्षर कळवणेबाबत.
संदर्भ: आपले तेवीस वर्षांपूर्वीचे छापील पत्र. (माझे उत्तर: आजपर्यंत नाही.)

महोदय,

१. वरील पत्रात एकच वाक्य होते आणि खाली ‘पोच द्यावी’ असा शेरा होता. मी पोच दिली नाही. हा उर्मटपणा समजू नये. त्या वाक्यात एक अक्षर कमी आहे आणि ते कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

२. वाक्य असे: ‘आपले अर्ज माफ करण्यात आले आहे.’ मी निवृत्त मुद्रितशोधक आहे, म्हणजे छापखान्यात प्रुफे वाचून दुसऱ्यांच्या चुका काढत असे. अर्ज हा शब्द पुल्लिंगी असल्याने हे वाक्य आहे तसे उभे राहत नाही. ‘अर्ज’च्या आधी पाय मोडलेला ‘क’ (क् + अर्ज) गळाला असे धरले, तर माझे कर्ज माफ झाले. ‘आहे’च्या पुढे ‘त’ गळाला असे धरले, तर मी तोवर केलेले नऊ अर्ज माफ झाले, म्हणजे यापुढे अर्ज करून त्रास देऊ नये. त्या नऊ अर्जांची लांबी आठवली की मला ‘त’च खरा वाटतो.

३. हे कर्ज मी पाळक होण्यासाठी, धर्मशिक्षणाकरिता घेतले होते. परीक्षेच्या पहिल्या प्रवचनाला उभा राहिलो आणि ‘प्रिय बंधुभगिनींनो’च्या पुढे जाऊ शकलो नाही. मंडळी बराच वेळ थांबली, मग घरी गेली. नंतर मी छापखान्यात लागलो. तेथे माणसे कागदावर असतात.

४. आमच्या प्रार्थनेत ऋणे सोडण्याविषयी एक ओळ आहे. दर रविवारी सगळे ती म्हणतात आणि मी तेवढ्यापुरता खोकतो. आपले कर्ज अंगावर असताना वर परस्पर सूट मागणे म्हणजे आपल्याला डावलून थेट मोठ्या साहेबांकडे जाणे, असे मला वाटते. पाळकसाहेबांना शंका विचारली. ते म्हणाले, “अहो, तिथलं ऋण म्हणजे पाप. तुमचे हप्ते नव्हेत.” त्यामुळे काळजी दुप्पट झाली. हप्ते मी निदान दरमहा भरतो. मध्यंतरी आजारपणात दोन रविवार चुकले, तेव्हा त्या ओळीला काहीतरी कमी पडल्यासारखे वाटले, असे ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी सांगितले.

५. माझी थोरली बहीण या कर्जाला जामीनदार आहे. ती निवृत्त परिचारिका असून माझ्याच घरी राहते. ती म्हणते, “घाल की तो क. जन्मभर लोकांच्या चुका सुधारल्यास, एक स्वतःसाठी सुधार.” परंतु मूळ हस्तलिखित पाहिल्याशिवाय अर्थ बदलणारे अक्षर घालू नये, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. त्यातून स्वतःचा फायदा होत असेल तर माझ्या श्रद्धेलाही ते पटत नाही. म्हणून मी हप्ते भरत राहिलो. गेल्या महिन्यात खिडकीवरील बाई म्हणाल्या, “आजोबा, तुमचं खातं बंद की चालू, हे तुमची पोच आल्यावर ठरेल. तोवर पैसे ‘इतर’मध्ये जातात.” मी पैसे दिले, पावती घेतली आणि मागे रांग असल्याने बाजूला झालो.

६. आता उशीर परवडणार नाही. ताईला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली असून हृदय थकले आहे. तिने ट्रंक आवरली आहे आणि शवपेटीसाठी सुताराला स्वतः माप देऊन आली आहे. अडले आहे ते एवढ्यावरच. ती विचारते, “वर दाराशी विचारलं, कुणाचं काही देणं? तर मी काय सांगू? माझं नाही, धाकट्याचं आहे, आणि तो अजून खाली व्याकरण बघतोय?”

७. जे सांगायचे ते इतके लांबवले, याची क्षमा असावी. आपल्या त्या पत्राच्या तळाशी बारीक टायपात छापखान्याचे नाव आहे. तो आमचाच छापखाना. प्रूफ मी वाचले होते. ‘तपासले, छापावे’ या शेऱ्याखाली सही माझी आहे. हस्तलिखितात काय होते, ते मला आठवत नाहि, कारण दुसऱ्याचे पत्र वाचल्यासारखे होऊ नये म्हणून मी केवळ अक्षरे बघत असे. पोच न देण्याचे खरे कारण हे आहे. प्रती दोन हजार निघाल्या. म्हणजे आणखी एकोणीसशे नव्व्याण्णव माणसे कुठे कुठे रविवारी खोकत असतील.

तरी विनंती की,

(अ) मूळ हस्तलिखित काढून खरे अक्षर कळवावे. ‘क’ असल्यास जामिनातून मुक्त केल्याचा कागद ताईच्या नावे, ठळक टायपात पाठवावा.

(ब) ‘त’ असल्यास कर्ज चालू ठेवावे, परंतु जामीनदार बदलून द्यावा. पाळकसाहेबांना कोणी सुचवता का विचारले, तर त्यांनी बोट वर केले. आपल्या नमुन्यात ‘जामीनदाराचा कायमचा पत्ता’ असा रकाना आहे. तो कसा भरावा?

(क) उरलेल्या सर्वांना चूक माझी होती असे कळवावे. टपालखर्च ‘इतर’मधून घ्यावा.

एवढे लिहूनही मनात एक आहे. कागद हाती पडताच ताई निघायच्या तयारीला लागेल. माझ्या चुका काढणारे या घरात दुसरे कोणी नाही. तेव्हा उत्तर लवकर द्यावे, आणि ‘क’ असेल तर फार लवकर देऊ नये.

आपला नम्र,
अर्जदार / कर्जदार
(लागू नसेल ते आपण खोडावे)

दिनांक: पाकिटावरील शिक्क्याप्रमाणे

सोबत:
१. मूळ पत्र (चूक पेन्सिलीने दाखवली आहे, सुधारलेली नाही)
२. पोच

ता. क. (वादातली दोन्ही अक्षरे इथे अशी शेजारी बसलेली पाहून हात क्षणभर थांबला.) हे मी टपालपेटीवर कागद ठेवून लिहीत आहे. ताई काठी टेकत सोबत आली आहे. तिने अर्ज वाचला आणि सातव्या कलमातल्या ‘नाही’ची वेलांटी ऱ्हस्व पडल्याचे दाखवले. मी घरी जाऊन नवी प्रत करतो म्हणालो. ती म्हणाली, “राहू दे. त्यांनाही काहीतरी माफ करू दे.” चूक तशीच ठेवली आहे. पाकीट तिच्या हातात देत आहे, पेटीत तीच टाकेल.