चक्र, सिंह आणि बारकूची शेळी

मी, श्रीपती अंबाजी ओव्हाळ, निवृत्त हवालदार, धर्म बौद्ध, राहणार कान्हे, तालुका मावळ, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाची बळजबरी नसताना, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते आज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. तब्येत उत्तम आहे. उद्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पुरी होतात आणि शाळेपुढचा झेंडा मी चढवायचा आहे. ज्या शाळेच्या ओट्याखाली बसून मी बाराखडी शिकलो, तीच शाळा! दाढी आज केली आहे, उद्या पुन्हा करीन.

कलम १. राहतं घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी सारजाबाई हिची. ती हयात असेतो तिला कोणी ऊठ म्हणू नये. तिच्यामागे मुलगा गोरख व मुलगी चंपा यांना समान वाटा. चंपाला लग्नात दिलंय, असं गोरखने काढू नये. लग्नात भांडी दिली, हिस्सा नव्हे.

कलम २. माझी लष्करी ट्रंक चुलतभाऊ धोंडिबा याने मुलीच्या लग्नापुरती म्हणून नेली, ती परत आली नाही. ती त्यालाच ठेवावी. मात्र आपण फौजेत होतो असं पाहुण्यांना सांगू नये.

कलम ३. आता मुख्य गोष्ट, माझं स्वातंत्र्याचं पदक. देश सुटला त्या दिवशी आम्ही जे फौजेत होतो, त्यांना ते मिळालं. चांदीचं नाही, गोरखने सोनाराकडे खात्री करून घेतली आहे. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला अशोकाचं चक्र, आणि चक्राच्या डोक्यावर इंग्लंडच्या राजाचा मुकुट. इंग्रज गेला, पण आपली घटना यायची होती. तोवर कागदोपत्री राजा होताच, म्हणून तोही येऊन बसला. फीत केशरी, पांढरी, हिरवी.

रजेवर आलो तेव्हा पदक घरी ठेवून मी पलटणीत परत गेलो. सारजाबाईला वाटलं, नव्या सरकारने देवाचा टाक पाठवला. तिने फीत काढून जपून ठेवली आणि पदक देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी बसवलं. हळदकुंकू वाहिलं, चिंचेने घासलं. मी काश्मिरातून धडधाकट परतलो ते या टाकाच्या कृपेने, असं ती वस्तीभर सांगत असे.

छप्पन साली आम्ही धम्म घेतला. वस्तीने जुने देव टोपल्यांत भरून इंद्रायणीत सोडले, त्यांच्याबरोबर माझं पदकही गेलं. काय गंमत पाहा! अख्ख्या घरात बुद्धाच्या वाटेची म्हणावी अशी एकच खूण होती, ते चक्र, आणि बौद्ध झाल्या झाल्या आम्ही तेच बुडवलं. सारजाबाईला हे समजावलं तेव्हा ती आधी रडली, मग पोट धरून हसली.

पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या कातकरवाडीत गेलो, तर तिथल्या बारकू कातकऱ्याच्या शेळीच्या गळ्यात घंटेच्या जागी पदक! मासे धरताना त्याला ते डोहात सापडलं होतं. माझा पारा चढला. देशाचा मान, आणि शेळीच्या गळ्यात? बारकू डगमगला नाही. हे कशाचं, असं त्याने शांतपणे विचारलं. मी म्हणालो, स्वातंत्र्याचं.

“मंग आमचं न्हाई व्हय ते?”

त्याने दोरी सोडली, पदक माझ्या हातात दिलं आणि तो शेळीला पाला टाकायला वळला.

तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला मी पदक लावून निघतो आणि वाटेत बारकूला हाक मारतो. तो येतो, पण शाळेच्या कुंपणाशी थांबतो. “तुमी जावा भाऊ आत. आमाला कुटं बोलावलंय?” बाहेर उभं राहणं काय असतं हे मला कोणी शिकवायला नको. ते पाहून माझा जीव तुटतो.

पदक गोरखलाही हवं आणि चंपालाही. गोरख त्यावरचा मुकुट कानशीने घासणार म्हणतो. बाबा रे, मुकुट राहू दे. आपण काय उलथवलं ते नातवंडांना दिसू दे. चंपा ते विहारात काचेत ठेवणार म्हणते. म्हणजे पुन्हा हार, पुन्हा उदबत्ती. तुझ्या आईने केलं तेवढं पुरे. दोघांनी रागावू नये.

सबब, माझ्यामागे हे पदक फितीसह बारकूला द्यावं. अंमलबजावणी चंपाने करावी, कारण तिला कोणी अडवू शकत नाही. दर पंधरा ऑगस्टला तिने बारकूला हाताला धरून कुंपणाच्या आत, झेंड्याजवळ उभं करावं.

पलटणीचा एक रिवाज आहे. ज्याचं पदक, तो ते डाव्या छातीवर लावतो. तो गेल्यावर त्याचे नातलग लावतात, ते उजव्या. कोणी जाणता बारकूला उजवी बाजू दाखवील. बारकूने त्याचं ऐकू नये. त्याने ते डाव्या बाजूला लावावं.

हे मृत्युपत्र खालील दोघांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यादेखत सही केली.

मुक्काम कान्हे, १४ ऑगस्ट १९७२

श्रीपती अंबाजी ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
धोंडिबा ओव्हाळ (सही, कलम २ मान्य नाही, बाकी मान्य)
कोंडाजी, शाळेचे शिपाई (डाव्या हाताचा अंगठा)