सकाळी घर, दुपारी दुकान

ती. आत्या,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? खोकल्याचं औषध वेळेवर घेत असशीलच (घेत नसशील, मला माहीत आहे). आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर परवापासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही.

तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी थोडंफार शिवणकाम करते, हे तुला ठाऊक आहे. ते जरा वाढलं. वाढलं म्हणून रीतसर परवाना काढावा असं मनात आलं, आणि अर्जात मी ती खोली दुकान म्हणून दाखवली. त्याच सुमारास यांनी (कुणाला न विचारता शहाणपणा करायचा यांचा स्वभाव तू जाणतेसच) घरपट्टीच्या कागदावर तीच खोली राहती म्हणून लिहून दिली, कारण दुकानाला पट्टी जास्त बसते. दोघांचेही बेत गुपचूप. फुटले ते दोन्ही खात्यांची पाहणी एकाच दिवशी ठरली तेव्हा. सकाळी घरपट्टी, दुपारी परवाना. खोटं सापडलं तर दंड, वर खोलीला सील, आणि आत शाळेच्या गणवेशांचं कापड बेतून पडलेलं!

खरं सांगून टाकू या, असं मी म्हणत होते. पण हे म्हणाले, "दोन खाती, दोन साहेब. एकमेकांचं तोंडसुद्धा बघत नाहीत ते. तू फक्त पलंग ओढ." मग सकाळी शिलाई मशीन स्वयंपाकघरात, तुझा पलंग पुढच्या खोलीत आणि पलंगावर पांघरूण घेऊन हे आजारी (आजारी माणसाला कुणी उठवत नाही, हा यांचा हिशेब). घरपट्टीचे साहेब आले, टेपने भिंती मोजल्या, यांच्याकडे कळवळून बघितलं, पाणी प्यायले आणि गेले. त्यांची पाठ वळताच पलंग आत, मशीन बाहेर, दारावर पाटी. गिऱ्हाईक म्हणूनही हेच उभे राहिले, कारण दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. मी यांच्या खांद्याचं माप घेत होते, इतक्यात परवान्याचे साहेब दारात आले.

तेच होते गं!

माणसं कमी म्हणून दोन्ही कामं एकाच साहेबांच्या गळ्यात पडलेली. साहेबांनी टेप काढली, त्याच भिंती तितक्याच मन लावून पुन्हा मोजल्या आणि यांना विचारलं, "बरं वाटतंय का आता?" हे "हो" म्हणाले आणि खोकले. मला वाटलं, संपलं सगळं. साहेब खुर्चीवर टेकले. म्हणाले, "सकाळी मी ही खोली राहती लिहिली. आता दुकान लिहायला बसलोय. सोमवारी दोन्ही कागद माझ्याच टेबलावर येणार, आणि मग मला मलाच जाब विचारावा लागणार. त्याआधी काय ते एक ठरवा, बाई." मला रडूच कोसळलं, आणि रडता रडताच मी म्हणाले, दुकान. धंदा कुणाच्या नावावर, असं त्यांनी विचारलं. हे तोंड उघडायच्या आत मी "माझ्या" म्हणून मोकळी झाले. आत्या, इतकी भीती आणि इतका आनंद मला एकदम कधी झाला नव्हता.

बाकी सगळं ठीक. प्रकृतीला जप.

तुझी भाची

ता. क. सोबत एक कागद आहे. घरमालकाची हरकत नाही, अशी तुझी सही त्यावर हवी, तीही सोमवारच्या आत. नाहीतर सील ठरलेलं. म्हणून पत्र पोस्टाने न टाकता यांच्याच हाती पाठवते आहे. सही झाल्याशिवाय यांना जेवायला वाढू नकोस. वाढीव पट्टी तुझ्या नावावर येईल, पण भरीन मी. (हे नाही. मी.)

आणखी एक. पुढच्या खोलीत दुकान थाटायचं नाही, असं बजावूनच तू मला किल्ली दिली होतीस, ते मी विसरलेले नाही. ओढाताणीत तुझ्या पलंगाचा एक पाय मोडला, तेही सांगून टाकते.

शेवटचं. मागच्या थंडीत पाठवलेला गरम कोट तुला फार आवडला होता. "घरच्या शिवणाला अशी सफाई येत नाही, हा दुकानातलाच," असं तू कळवलं होतंस. दुकानातलाच होता, आत्या. सही करताना तो अंगात घाल.