रेवाचा निबंध कोणी लिहिला

मंगळवार, ५ ऑगस्ट
रेवाच्या शाळेतून मेल. पालकांनी गुरुवारी भेटावं, विषय : इंग्रजी निबंध. बास, एवढंच. आजवर शाळेचे मेल म्हणजे बसचा रूट, डेंग्यू आणि सुट्ट्या. सातवीत गेल्यावर पहिल्यांदाच असा.
तिला विचारलं, काय झालं? म्हणाली, माहीत नाही. नंतर आईला म्हणाली, माहीत आहे पण बाबाला सांगू नको. अनघाने ते मला सांगितलं. म्हणजे आता मला माहीत आहे की तिला माहीत आहे. काय ते मात्र आम्हा दोघांनाही माहीत नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट
अनघाला लॅबमधून निघता येईना, एकटाच गेलो. बेंगळुरातल्या व्हाइटफील्डात राहून व्हाइटफील्डातल्याच शाळेत पोचायला ट्रॅफिकमध्ये पन्नास मिनिटं.
प्रेसिला मॅम, इंग्रजीच्या. मऊ बोलतात. म्हणाल्या, निबंध फार चांगला आहे आणि तीच अडचण आहे. शाळेने यंदा एक सॉफ्टवेअर घेतलंय, मुलांचं लिखाण माणसाचं की मशीनचं, म्हणजे एआयचं, ते सांगणारं. रेवाचं मशीनचं निघालं. शिवाय वर्गात ती लिहिते तेव्हा दर ओळीत व्याकरण चुकतं, यात एक चूक नाही. दोन मार्ग आहेत. रेवाने चूक झाली असं लिहून द्यायचं, खाली आमची सही, निबंध पुन्हा. नाहीतर बुधवारी शिस्त समिती.
रेवाला बोलावलं. ती बुटांकडे बघत उभी. इंग्रजीत दोनदा म्हणाली, मी लिहिलाय.
मी मॅमना म्हणालो, घरी बोलतो आम्ही.
तिच्या बाजूने मी काहीच बोललो नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तोच दिवस, संध्याकाळ
निबंधाची प्रत मॅमनी दिली होती. बेसमेंटमध्ये गाडी लावून तिथेच वाचली. विषय, 'आमच्या घरातला एक दिवस'.
दिवस कसला, मीच आहे त्यात. निबंधात लिहिलंय, बाबा घरी आला की तीन प्रश्न विचारतो. जेवलीस का, अभ्यास झाला का, उद्या कुठला युनिफॉर्म. मी तोंड उघडेपर्यंत तो दुसऱ्या खोलीत असतो. एकदा मी म्हणाले, नाही जेवले, डबा कुत्र्याला घातला. बाबा म्हणाला, व्हेरी गुड.
पुढे आणखी एक पान. ते नीट वाचलंच नाही. परत परत तो कुत्राच.
असं झालं होतं? आठवत नाही. आठवत नाही हेच तर तिने लिहिलंय.
मशीनने लिहिलं असेल तर हे सगळं रचलेलं. रेवाने लिहिलं असेल तर... गाडीत बसून मी मनातून म्हणत होतो, मशीननेच लिहिलेलं असू दे. पोरीने लबाडी केलेली बरी, असं वाटणारा बाप.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
अनघाने वाचलं. मी विचारलं, कधी झालं हे? ती म्हणाली, "मला नाही आठवत. पण होऊ शकतं." इतकं शांतपणे म्हणाली की भांडताही येईना.
तिचं मत, लिहून देऊन टाकू या. सातवीचा तर निबंध, कशाला समिती वगैरे. माझं मत काय? सकाळी तिच्यासारखंच होतं. जेवताना उलटं. केलं नसेल तर माफी का मागायची. मग वाटलं, केलंच असेल तर?
ऑफिसात आज अमेरिकेतल्या क्लायंटला लांबलचक मेल पाठवला. तो मशीनकडूनच लिहून घेतला, रोजच घेतो. क्लायंट म्हणाला, छान मांडलंत. मला कोणी समितीपुढे बोलावलं नाही. हे रेवाला सांगावं की न सांगावं?
रेवा खोलीत. दार लोटलेलं. दोनदा दारापर्यंत गेलो. काय विचारायचं ते ठरेना. तिसऱ्यांदा गेलो आणि तोंडातून आलं, जेवलीस का?

रविवार, १० ऑगस्ट
सुमित्राअक्कांकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर राहतात, कन्नड शाळेतून रिटायर झालेल्या बाई. घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरातलं, मराठीत कन्नड मिसळलेलं. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारं पहिलं माणूस भेटलं ते हे. रेवा शाळेतून आली की आम्ही परतेपर्यंत त्यांच्याकडेच असते.
शाळेचं सांगितलं. त्यांना मशीनचं काही नवल नाही. म्हणाल्या, "इथंच बसून लिहिली की ती. चार दिवस लिहीत होती. स्वल्प लिहायची, स्वल्प खोडायची. मी विचारलं तर झाकून ठेवायची."
मग रेवाची कन्नडची वही काढून दिली. मागून उघडली तर मराठी. रेवाचंच अक्षर. सहा पानं, निम्मी खोडलेली. 'डबा कुत्रेला दिला.' कुत्रेला. मराठी तिला कोणी शिकवलेलीच नाही, हिंदीच्या अक्षरांवर चालवलीय. व्हेरी गुड तीनदा लिहून खोडलंय, चौथ्यांदा ठेवलंय.
म्हणजे तिनेच लिहिलंय. आनंद व्हायला हवा होता.
निघताना अक्का म्हणाल्या, "तुम्ही वाचलं ते बरं झालं, सरी, ठीक आहे. पण तिला विचारून वाचायला पाहिजे होतं ना?"
वही त्यांनीच दिली होती. ती घेऊन घरी आलो.

सोमवार, ११ ऑगस्ट
वही पाहिली हे रेवाला सांगितलं. चिडेल वाटलं होतं. चिडली नाही, आधी वही परत घेतली.
मग सगळं सांगितलं. मराठीत लिहिलं, कारण घरातलं सगळं मराठीतच होतं, इंग्रजीत केलं की ते दुसऱ्यांचं घर वाटायचं. मग टॅबवर मशीनला वाचून दाखवलं आणि इंग्रजी करून घेतलं. एक वाक्य जास्तीचं घालू नको असंही बजावलं.
अनघा म्हणाली, मग मशीन वापरलं ना तू. रेवा म्हणाली, हो. मी म्हणालो, पण लिहिलं तूच ना. रेवा म्हणाली, हो. दोन्ही हो.
समितीसाठी शाळेने पाठवलेल्या फॉर्मवर 'दोन्ही'ला जागा नाही. एक चौकोन 'स्वतः लिहिलं', एक चौकोन 'मदत घेतली'. अनघा म्हणते दुसरा. मी म्हणतो पहिला. रेवाला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही दोघं आधी ठरवा."

बुधवार, १३ ऑगस्ट
समिती म्हणजे प्रेसिला मॅम, उपमुख्याध्यापक आणि समुपदेशक बाई. फॉर्म कोराच नेला. रेवाने वही पुढे ठेवली. तिघांपैकी कोणालाच मराठी येत नाही. उपमुख्याध्यापक म्हणाले, वाचून दाखव, वडील इंग्रजीत सांगतील.
ती वाचायला लागली. एक वाक्य तिचं, एक माझं. सुरुवातीला सोपं होतं. सकाळची बस, अक्कांकडचा चित्रान्न-भात, लिफ्टमधला आरसा. मग मी आलो. तीन प्रश्न सांगितले. मग कुत्रा. ती वाचून थांबली आणि मी इंग्रजीत म्हणालो की त्या दिवशी वडील कामात होते, त्यामुळे त्यांचं नीट लक्ष गेलं नाही.
रेवा माझ्याकडे न बघता म्हणाली, "असं नाही लिहिलंय मी."
मग तिनेच इंग्रजीत सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, व्याकरण चुकवत. बाबा सेड व्हेरी गुड. ही डिडन्ट हिअर.
प्रेसिला मॅमनी चष्मा काढून पुसला. उरलेली पानं तिनेच सांगितली, मला विचारलं नाही.
निकाल कळवतो म्हणाले, आम्ही दाराबाहेर आलो. उपमुख्याध्यापकांचं म्हणणं, नियम मशीन वापरण्याबद्दल आहे आणि मशीन तर वापरलंच. मॅम म्हणाल्या, तरीही. पुढे काय ते बाहेर ऐकू आलं नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन. प्रेसिला मॅम दिसल्या, हसल्या. त्या हसण्याचा अर्थ अनघाने एक लावला, मी दुसरा.

रविवार, १७ ऑगस्ट
मेल नाही. अनघा लॅबमध्ये. रेवा आणि मी वाळलेले कपडे घडी करत होतो. चादर मोठी, दोघं लागतात. तिचं टोक तिच्याकडे, माझं माझ्याकडे.
विचारलंच शेवटी. तो कुत्र्याचा दिवस कुठला? मला आठवेना, म्हणून.
ती म्हणाली, "तसं झालंच नव्हतं. बनवलं मी. निबंधात चालतं ना?"
मी हातातली चादर तशीच धरून. मग समितीत का नाही बोललीस? तिथे कोणी विचारलं नाही म्हणाली. मग म्हणाली, "तू पण, असं झालं नाही, असं म्हणाला नाहीस. तुला खरं वाटलं?"
मी म्हणालो, हो. वाटलं.
"हं," म्हणाली आणि चादर ओढून घेतली.
सुटल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही. तिने तेव्हा बनवलं होतं, की मला बरं वाटावं म्हणून आज बनवलं? तीनदा खोडून चौथ्यांदा ठेवलेलं व्हेरी गुड. न झालेल्या गोष्टीसाठी कोणी एवढं खोडतं? की न झालेल्यासाठीच खोडावं लागतं?
कपडे संपले. ती आपली चळत उचलून निघाली, दारात वळली. म्हणाली, अजून काही विचारायचंय का बाबा?
तोंडाशी आलेलं 'जेवलीस का' मागे घेतलं. ती थांबली होती.