डॅशबोर्डवरचा खंडोबा

शुक्रवार, दिवेलागनीला

परवा ह्यांची पैली रेस हाय. घाटाचा रस्ता बंद करून खालून एकेक गाडी सोडत्यात, कोन कमी टायमात वर पोचतंय ते बघत्यात. डोक्याला हेल्मेट, छातीला पट्टे असनार म्हनं. पन वळनं? एका बाजूला दरीच की.

आज केडगावच्या गॅरेजवरनं गाडी घरी आनली. आपलीच जुनी मारुती. आत सुटं हुईल आसं कायबी ठिवायचं न्हाई, असा नियम हाय. मागची शीट काढली, पायाखालच्या मॅटी काढल्या. ऱ्हायला डॅशबोर्डवरचा खंडोबा. गाडी घेतली तवा मीच चिकटवलेला.

मला म्हनले, "तू काढ."

मी म्हनलं, "आख्खं इंजिन खोलता, आन तुमाला एक देव निघंना व्हय?"

"माजा हात व्हत न्हाई गं."

मी बघतच बसले. महिनाभर तर नुसती फुशारकी चालली हुती. इचारलं, "भ्या वाटतंय का?" तर खाली बघूनच "व्हय" म्हनले.

राग यायचा सोडून मला बरंच वाटलं. का आसं वाटावं? भ्यालेला मानूस ब्रेक तरी दाबील, म्हनून आसंल.

मंग मीच सुरीनं खंडोबा काढला आन आमच्या तान्ह्या परीच्या पाळन्यापाशी ठिवला.

ह्यांना म्हनलं, "मी बी येनार, परीला घेऊन. वळनावर उभी ऱ्हानार."

"वळनावर कुनाला उभं ऱ्हाऊ देत न्हाईत."

"मंग जिथं देतील तिथं."