दगडावरची शेवटची ओळ

पप्पा, गावच्या शहीद स्मारकावरच्या त्या शेवटच्या ओळीत तुम्ही दरवर्षी सोनेरी रंग का भरत होतात? तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी पदवीधर झाले, खराडीत नोकरीला लागले, आपल्या घरात आता कुणीतरी सरकारी कागद न घाबरता वाचतं. तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

दगडावर गावच्या चार जवानांची नावं काळ्या रंगात. त्याखाली, त्यांच्याहून मोठ्या अक्षरांत, स्मारक समितीच्या अध्यक्षांचं नाव सोनेरी रंगात, कारण अनावरण त्यांच्या हस्ते झालं. तुमचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, अनावरणानंतर सीमेवर बर्फात शहीद झाले. आपल्या वस्तीतल्या विहारात त्यांचा फोटो आहे, दगडावर नाव नाही. आठवतं? मी सातवीत आहे. चौदा ऑगस्टची दुपार. तुम्ही कोरलेल्या अक्षरांत रंग भरताय आणि मी बाहेर आलेला रंग रॉकेलच्या बोळ्याने पुसतेय. दगडाचा एक टवका उडालाय; पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी कालवून तुम्ही तो असा बुजवता, की बोट फिरवलं तरी कळू नये. तेवढ्यात अध्यक्ष आले. मी विचारलं, "काका, माझ्या मोठ्या बाबांचं नाव कधी येणार?" ते म्हणाले, "अगं पोरी, दगडावर जागा कुठं हाय? तुझ्या बापालाच इचार की." आणि हसले. तुम्हीही हसलात. घरी आल्यावर मात्र म्हणालात, "पुन्हा तिथं तोंड उघडलंस तर ब्रशला हात लावू देणार नाही." तुम्हाला हसावं लागलं, याबद्दल मी त्यांना माफ केलं नाही. खरं सांगू? तुम्हालाही नाही.

यंदा मी रीतसर अर्ज केला, मोठ्या बाबांच्या पलटणीचं पत्र जोडून. मला वाटायचं, कागद नीट असला की न्याय मिळतो. अध्यक्षांनी पाकीट न उघडता परत केलं. "मॅडम, शिकलात, छान झालं. पण दगड काय रबर हाय का ताणायला?" मग थांबून म्हणाले, "तुमचे वडील गेल्यापास्नं अक्षरं पार उडाल्यात. त्यांचा हात आला असंल तर भरून द्या. माझी ओळ सोनेरीच बरं का." मी म्हटलं, "देते की."

दोन दिवस रजा काढली. चारही नावं काळीभोर केली, कडा स्वच्छ पुसल्या. मग शेवटच्या ओळीतला जुना रंग थिनर आणि टाचणीने काढला, तुमच्या पद्धतीने सिमेंट कालवलं आणि एकेक अक्षर बुजवलं. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं आणि झेंडावंदनापर्यंत दगड कापडाने झाकून ठेवला. पप्पा, इतकं मन लावून मी परीक्षेचा अभ्यासही केला नव्हता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, दगडावरचं कापड सरकलं. अध्यक्ष पुढे आले, चष्मा पुसला, तळहाताने दगड चाचपत राहिले. "माझं नाव कुठं गेलं?" सगळं गाव बघत होतं. मी म्हटलं, "जागा नव्हती ना काका. केली." आणि तेच पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. मागे कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू मला अजून पुरतंय.

एक कबूल करते. तुम्ही असतात तर माझी हिंमत झाली नसती. दुसऱ्या दिवशी गावातलं तुमचं रंगकाम बंद झालं असतं. आता माझं कुणी काय बंद करणार? समितीला माझ्याकडून लेखी माफीनामा हवाय, नाहीतर पोलिसात तक्रार देणार म्हणतात. हे पत्र तुमच्या ब्रशांच्या डब्यात ठेवतेय, ते कुठे जायचं नाही. समितीला माझं उत्तर मात्र काल रजिस्टर पोस्टाने गेलं. त्यात माफी नाही. कोऱ्या कागदावर मोठ्या बाबांचं नाव लिहिलंय, त्या ओळीत नेमकं बसेल एवढ्या मापाचं.