कॉस्मासची चिली आणि माझा उपास

१ ऑगस्ट, सकाळ

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सुट्टीला आलेली नात लिहिणार. नाव तिचं फोतेनी, सगळे फोफो म्हणतात. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. मला अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे गुपित अगदी पक्कं राहील.

मरियामातेचा उपासही आजपासूनच. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. पंधरा तारखेला तिचा सण. माझं पानायोता हे नाव तिच्यावरूनच, म्हणून त्याच दिवशी माझा, म्हणजे जगातल्या सगळ्या पानायोतांचा, नामदिन, वाढदिवसाहून मोठा. घर माणसांनी भरणार.

संकल्प दोन. एक, उपास कडक. दोन, पंधराला सगळ्यांना आमच्या गेलेल्या ह्यांची, कॉस्मासची, चिली, म्हणजे खिम्याचा दाट रस्सा, खाऊ घालायची.

हे दुसरं अगत्याचं आहे. एप्रिलात फायर ब्रिगेड येऊन गेली तेव्हापासून मुलगा, फोफोचा बाप लाझारोस, मागे लागलाय: आई, तुझ्याच्यानं आता होत नाही, घर विक, आमच्याकडे खालच्या खोलीत राहायला ये. ती आग नव्हतीच. कढई जरा विसरली गेली. शेजारणीला धुराची सवय नाही, त्याला मी काय करू? शेवटी काल फोनवर तो म्हणाला, "बाबांची चिली जशीच्या तशी करून दाखव. स्तेर्गिओसकाकांनी हो म्हटलं तर तो विषय पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही. बाबांची शपथ." स्तेर्गिओस म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, आमच्या चिलीच्या दुकानात ह्यांच्याच शेजारी उभा असायचा.

सोपं आहे. चाळीस वर्षं त्या दुकानात मी गल्ल्यावर बसले. पातेलं हाकेच्या अंतरावर. ह्यांनी कृती कोणालाच सांगितली नाही. मलाही नाही, पण माझ्यापासून लपवलीही नाही. म्हणजे सांगितल्यासारखंच.

३ ऑगस्ट

खिमा आणला. फोफो म्हणाली, फोनमध्ये लिहिलंय की इथल्या, सिनसिनाटीच्या, चिलीत खिमा परतायचा नसतो, कच्चाच थंड पाण्यात घालायचा. मी हसले. उकडलेलं मांस तिकडे आमच्या मूळ गावी आजाऱ्याला देतात. कांद्यावर चांगला खमंग परतला. गोळे झाले. दणदणीत.

उपास असल्यामुळे चव घेतली नाही. वासावरून उत्तम. फोफोही खात नाही, कॉलेजात गेल्यापासून तिची जनावरांशी मैत्री झाली आहे. शेवटी शेजारच्या कुत्र्याला घातली. खाऊन तो घरी गेलाच नाही, आमच्या पायरीवर पडून राहिला. फोफोच्या मते त्याला उठवत नव्हतं. माझ्या मते समाधान.

५ ऑगस्ट

आज मसाला. आमची चिली नावालाच चिली. झणझणीत खायचं असेल त्यानं टेक्ससला जावं. आमच्यात दालचिनी, लवंग, किंचित कोको. प्रमाण माझ्या नाकात आहे. नाकानं आज जरा जास्त सांगितलं. फोफो म्हणाली, आजी, घरभर नाताळच्या बिस्किटांचा वास सुटलाय. म्हटलं, मग तक्रार कसली?

चव घ्यावीच लागली. चव घेणं म्हणजे खाणं नव्हे. तोंडात घ्यायची, थुंकून टाकायची. पण सिंक तिकडे, मी इकडे, आणि गुडघे हे असे. वाटेत गिळली गेली. दोष गुडघ्यांचा. उपास शाबूत.

६ ऑगस्ट

आज उपासाच्या मधला एक सण, आजच्या दिवस मासे चालतात. घरात मासे नव्हते. चिली होती. वाडगाभर.

फोफो विचारते, आजी, हे लिहू? लिही. देवाला आधीच कळलंय.

९ ऑगस्ट

स्तेर्गिओसला फोन केला. सहज. त्याच्या कंबरेचं बोलून झालं, त्याच्या मुलीचं झालं, उकाड्याचं झालं. मग सहजच विचारलं, काय रे, तो खिमा तुम्ही नेमका कसा टाकायचात?

मेला हसतच सुटला. म्हणाला, "वहिनी, कॉस्मासनं तुम्हाला कधी पातेल्याजवळ फिरकू दिलं होतं का?"

म्हटलं, आवाज तुटतोय.

"मला तर स्वच्छ ऐकू येतंय."

म्हटलं, मग तूच बोल.

बोलला. खिमा कच्चा, थंड पाण्यात, बोटांनी कुस्करून वाळूसारखा मोकळा करायचा. मग मंद आचेवर शिजवायचा, रात्रभर गार करायचा, सकाळी वर आलेली चरबी काढून टाकायची. मी लगेच फोफोला म्हटलं, बघ, पहिल्यापासून मी हेच म्हणत होते. ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. उकाड्यानं होतं असं.

फोन ठेवता ठेवता स्तेर्गिओस म्हणाला, वहिनी, त्याच्या चिलीला मागून एक कडवट चव यायची. ती कशाची, ते मलाही कधी कळलं नाही. मसाला तर मीच कुटून द्यायचो.

म्हटलं, मला माहीत आहे.

११ ऑगस्ट

माहीत नाही. शोधते आहे. सकाळी काळी कॉफी घालून पाहिली. मग संत्र्याची साल. मग अक्रोड. दुपारी ह्यांच्या जुन्या कपाटात सापडलेली कसलीशी दारू. प्रत्येक प्रयोगाला चव एकदाच घेतली. दोनदा म्हणजे खाणं झालं असतं. प्रयोग बरेच झाले, त्यामुळे रात्री जेवले नाही. उपास आता अंगवळणी पडतोय.

एकही जमली नाही, असं फोफोचं म्हणणं. मी म्हटलं, चाखल्याशिवाय बोलू नये. ती म्हणाली, आजी, तुझा चेहरा बघूनच कळतं.

१४ ऑगस्ट, दुपार

आज मोठं पातेलं. उपासाचा शेवटचा दिवस, सगळ्यात कडक. ठरवलं, चमचासुद्धा नाही. आणि नाहीच घेतला! चौदा दिवसांत एकदा तरी मी जे ठरवलं ते केलं. हे लिहू नकोस. लिही, मी जे ठरवते ते करते.

खिमा पाण्यात कुस्करला, बोटं बधिर झाली. मसाले टाकले, आच मंद केली, खुर्चीत बसून मातेची प्रार्थना सुरू केली. डोळे मिटून. प्रार्थना लांबली.

फोफो बाजारातून आली ती ओरडतच आली. पातेलं खाली लागलं होतं. थोडंसंच. तळ सोडला तर कुठेही लागलं नव्हतं. फायर ब्रिगेड आली नाही, हे ठळक लिही.

वरचं वरचं दुसऱ्या भांड्यात काढलं. फोफो रडायच्या बेतात. म्हणाली, आजी, बाबा वासावरूनच ओळखतील, चल, पुन्हा करू. म्हटलं, मला संध्याकाळी चर्चला जायचंय. आणि करपलंय असं मी म्हटलेलंच नाही.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

लाझारोस दारातच नाक वर करून थांबला. "आई, काय करपलंय?"

म्हटलं, मेणबत्त्या.

सगळे बसले. ताटात स्पॅगेटी, तिच्यावर चिली, चिलीवर चीजचा डोंगर. स्तेर्गिओसनं पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. लाझारोस माझ्याकडे बघतोय, मी भिंतीवरच्या मातेकडे. स्तेर्गिओसनं दुसरा घास घेतला. मग टेबलावर अशी मूठ आपटली की माझा ग्लास आडवा झाला.

"हीच! हीच ती कडू चव! अरे लबाडा कॉस्मास, म्हणजे तू रोज दुपारी पेंगायचास! रोज पातेलं खाली लागायचं, आणि मी मूर्ख आयुष्यभर मसाला शोधत बसलो!"

लाझारोसनं खाल्ली. म्हणाला, "बाबांचीच आहे." मग पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, डोळे पुसले. कांदा झोंबला म्हणाला. चिलीवरचा कच्चा कांदा त्यानं घेतलाच नव्हता.

निघताना म्हणाला, "हरलो, आई. विषय संपला."

म्हटलं, पाया पडून विनवलं असतंस तरी मी तुमच्याकडे आले नसते. ह्यांच्या हातची चव अशी सहज येत नाही. साधना लागते.

१७ ऑगस्ट

लाझारोस शब्द पाळतोय. फोनवर हवेबद्दल बोलला, बेसबॉलबद्दल बोलला. घराबद्दल चकार शब्द नाही. छान. हेच हवं होतं. पुन्हा दुपारी फोन केला, त्याला आठवण करून दिली की विषय संपलाय. म्हणाला, माहीत आहे.

१९ ऑगस्ट

फोफो उद्या कॉलेजला परत चालली. बॅग दारात. हे शेवटचं पान.

जिंकलेल्या माणसानं मोठं मन दाखवावं, म्हणून लाझारोसला फोन केला. विचारलं, तुमच्या त्या खालच्या खोलीत ऊन येतं का रे?

"आई, विषय संपला."

म्हटलं, मी विषय काढत नाहीये. उन्हाचं विचारतेय.

"येतं. सकाळचं."

मी म्हटलं, तुला काही बोलायचं असेल तर बोल, मी रागावणार नाही.

"बाबांची शपथ घेतलीय मी. मी काही बोलणार नाही."

हट्टी. थेट बापावर गेलाय.

म्हटलं, बरं बाबा, ठेवते. गॅसवर पातेलं आहे, मला जरा डोळा लागत होता.

"आई! गॅस बंद कर! मी निघालोच!" आणि फोन आपटला.

गॅसवर काही नाही. फोफो, खिडकीशी उभी राहा आणि गाडी दिसली की सांग. आता बघू, विषय कसा काढत नाही ते.